सेकंदाला एक

वडगावात हलगेकरांच्या शेडमध्ये आठ माग,
वर कैचीला मी ठोकलेले तीन कॅमेरे,
आणि सगळ्यांना मिळून एकच राउटर,
खिडकीच्या गजाला सुतानं बांधलेला,
कारण रेंज येते ती तिथंच, वीतभर.

मालक मुलाकडे, पुण्याला.
दुपारचं जेवण झालं की फोन उघडून शेड बघतात.
चित्र अडकायचं, गोल फिरत बसायचं,
म्हणून मागच्या बुधवारी मी पंचवीस फ्रेम उतरवल्या:
बारा, पाच,
शेवटी सेकंदाला एक.
गोदामाला पुरते. जिन्याला पुरते.
कुलपाला तर मिनिटाला एक पुरेल.
चहा पिऊन निघालो.

शनिवारी नीलव्वाचा फोन.
'चार नंबर बंद होता म्हणून ह्यांचा पगार कापूलेत.
बंद कुठं होता?
शेजारी बसून कांड्या कोण भरत होतं, मीच की!'

गेलो.
माग चालू. बोलणं ऐकू येईना,
ठोका फरशीतून चपलेत, चपलेतून गुडघ्यात.
आणि हातातल्या फोनवर तोच माग
थांबलेला.
धोटा डाव्या पेटीत.
बघत राहिलो. डाव्या पेटीत.
बसवंत तर तसाही हलत नाही,
ताण्यावर नजर लावून उभा असतो,
तुटेल त्या एका धाग्याची वाट बघत.

मग घड्याळ लावून मोजलं.
मिनिटाला एकशे वीस ठोके.
म्हणजे धोटा उजवीकडे जाऊन परत येतो
बरोबर एका सेकंदात,
आणि त्याच क्षणाला माझा कॅमेरा डोळा उघडतो.
मधली सगळी धाव
पापणीच्या आत.

बसवंत वाकून फोनकडे बघतो,
'निंतैती,' म्हणतो, थांबलाय.
मग मागाकडे बोट करतो, 'निंतिल्ला.'
आणि हसतो.
नीलव्वा हसत नाही.
उद्या खासबागचा बाजार.

मालकांना फोन लावला.
'अहो, माग चालू आहे.'
'मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तीनदा.'
बघितलंय, तेही खरंच.
खोटं इथं कोणीच बोलत नाही,
कॅमेरासुद्धा.
'ठोक्यांच्या काउंटरचा फोटो पाठवतो,' म्हटलं,
तर म्हणाले, सोमवारी बघू.

स्टुलावर बसून आकडा वाढवत गेलो.
दोनवर धोटा नुसता इकडून तिकडे उडी मारायचा,
चाक जिथल्या तिथं.
तीनवर चाक उलटं फिरायला लागलं,
सकाळपासूनचं लुगडं
कोणीतरी ठोक्याठोक्यानं उसवत असल्यासारखं.
नीलव्वानं ते बघून पदर तोंडाला लावला.
सातवर सगळं सरळ झालं.

पण वाट तेवढीच, वीतभर खिडकीची.
सात हव्यात तर चित्र बारीक करा.
केलं.
चार नंबरच्या मागावरचा माणूस
आता चार चौकोनांचा.
मिशी गेली, कपाळावरचं विभूतीचं बोट गेलं,
मान कुठं संपते ते कळेना.

'तोंड नीट येत नाही हं आता,' मी ओरडून सांगितलं.
'तोंड कशाला?' बसवंत म्हणाला.
'हात हलताना दिसला की बास.'
आणि तुटलेला धागा दिसला म्हणून वळला.
त्यानं माग थांबवला, गाठ मारली.
फोनवर पहिल्यांदाच
खरा थांबलेला माग दिसला:
हात हलतोय, चाक नाही.

बाहेर आलो. बिलबुकात लिहिलं:
व्हिजिट एक, पैसे नाहीत.
किल्ली लावली, गाडी सुरू केली नाही.
या गल्लीत आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांत
अकरा शेड माझ्या.
सगळीकडे
एक लावून आलोय.
शनिवार. साडेचार वाजलेत.
पगार सहाला वाटतात.